गाडी की खोली

परीक्षा संपल्या की आमच्या घरात किनवटला कधी निघायचं, एवढाच प्रश्न असायचा. कुठं जायचं हा प्रश्न नव्हताच. आप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी बांधकामावर इंजिनिअर होते आणि किनवटच्या जंगलातली एक लाकडी खोली त्यांना ओळखीवर आठ-दहा दिवस राहायला मिळायची. सागवानी फळ्यांच्या भिंती, वर कौलं, पुढं ओसरी, आणि उतार संपतो तिथं पैनगंगा. उन्हाळ्यात नदीला पाणी ते कितीसं असणार, पण लातूरच्या माणसाला तेवढंही पुष्कळ वाटायचं. आई आदल्या दिवशी धपाट्यांची चळत लावायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची, चुरमुरे, लिंबाचं लोणचं, रॉकेलचा स्टोव्ह असं सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरायची. लातूरहून एसटीनं नांदेड, नांदेडहून दुसरी एसटी. खोलीचं दार उघडलं की आत वर्षभर साठलेला लाकडाचा वास असायचा. माझी धाकटी बहीण पमी त्याला ‘सुट्टीचा वास’ म्हणायची.

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात मात्र पहिल्यांदाच आमच्यापुढं दोन गोष्टी आल्या, आणि त्यातली कोणती निवडायची यावरून घर महिनाभर ताणलेलं राहिलं.

लातुरात आमच्या घराला फक्त एक तडा गेला होता, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तोही बोट न जाणारा. किल्लारीकडच्या गावांत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी ते इथं लिहीत नाही. आप्पांना पहिल्याच दिवशी तिकडं जावं लागलं. परत आले तेव्हा त्यांच्या बुटांत पांढरी माती होती, कपड्यांत होती, कानाच्या पाळीमागं होती. आईनं पाणी तापवून त्यांना अंगणातच आंघोळ घातली. पुढं कितीतरी महिने त्यांचं काम एकच होतं. पडायची राहिलेली घरं बघायची आणि सांगायचं, हे राहायला ठीक आहे, हे नाही. लोक त्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. आप्पांनी होकाराची मान हलवली की बाया आत जाऊन चूल पेटवायच्या.

आम्ही सगळेच तेव्हा बाहेर झोपत होतो. गल्लीत प्रत्येकानं अंगणात पत्रे उभे केले होते. आमच्या पत्र्याखाली आई रोज संध्याकाळी तांब्यावर स्टीलची वाटी पालथी घालून ठेवायची, म्हणजे जमीन हलली की ती वाजेल. मी बारावीला होते. लातुरात बारावीचं पोर म्हणजे घरातला वेगळाच प्राणी, त्याच्यापुढं कुणी मोठ्यानं बोलत नाही. पण मी पुस्तक उघडून त्या वाटीकडंच बघत बसायची. रस्त्यानं ट्रक गेला की ती किंचित किणकिणायची आणि मी पुस्तक मिटायची. कुणी चुलीवरचं पातेलं जोरात उतरवलं तरी पमी माझा हात धरायची.

संक्रांतीपर्यंत गल्लीतली बहुतेक माणसं घरात गेली. पत्रे निघाले, कुणी त्यांची न्हाणी केली, कुणी कोंबड्यांना दिले. आमचा पत्रा तेवढा राहिला. आई म्हणायची, “मला आत भ्या वाटतंय. स्लॅब अंगावर येतंय असं वाटतंय.” आप्पा गादी उचलायचे आणि बाहेर टाकायचे. शेजारच्या इंदूकाकू भिंतीवरून वाकून म्हणायच्या, “वहिनी, तुमच्या घरी भूकंप रोज यायलाय का?” आई हसायची. मला मात्र ते हसू सहन व्हायचं नाही. मैत्रिणी घरी येऊ नयेत म्हणून मी कारणं शोधू लागले. आईच्या डोक्यात काही बिघाड तर झाला नसेल, हा विचार एकदा मनात आला तो जाईचना. ती भाकरी थापताना, केस विंचरताना, मी चोरून तिच्याकडं बघायची, काही वेगळं दिसतंय का म्हणून.

अशात उदगीरचे शिवराजकाका आले. ते आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, कापडाचे व्यापारी. देवणी, देगलूर, उदगीर असे आठवडी बाजार करायचे. त्यासाठी त्यांनी एक मेटॅडोर घेतली होती आणि आतून पार बदलून टाकली होती. दोन्ही बाजूंना फळ्यांचे बाक, त्यांच्यावर गाद्या, खाली सामान, मागं स्टोव्ह ठेवायला पत्रा ठोकलेला ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. बाजार लांबला की काका त्यातच जेवायचे आणि त्यातच झोपायचे. उन्हाळ्यात लग्नाचा बस्ता आटोपला की गाडी उभीच असायची.

“इंजिनेरसाहेब, अवंदा किनवटला एसटीनं कामून जाता?” काका म्हणाले. “माझी गाडी न्या. भाड्यानं द्यायलोच हाय लोकांना, तुमाला घरच्यासारखी. मेहबूब हाय चालवायला. खोली नको, काही नको. वाटंल तिथं थांबा, वाटंल तिथं झोपा.”

आप्पा लगेच म्हणाले, “न्हाई न्हाई, आमची खोली ठरलेली असती.”

आई आतून चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली आणि म्हणाली, “मला गाडी चालंल.”

त्या दिवसापासून घरात गाडी की खोली हे सुरू झालं. आप्पा जेवताना समजावून सांगायचे. लाकडाचं घर भूकंपात डोलतं, पडत नाही. भिंतीत दगड नाही, माती नाही. जगात याच्याइतकं सुरक्षित घर नाही. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “असंल. पण मला गाडी पाहिजे.” मी एकदा चिडून म्हणाले, “गाडी तर घरापेक्षा जास्त हलते.” आई म्हणाली, “हलू दे की. गाडी हलली तर का हलली ते कळतंय माणसाला.” पमीला अर्थात गाडीच हवी होती. मी आप्पांच्या बाजूनं होते. मला वाटायचं, आई यंदा त्या खोलीत झोपली तर सगळं पूर्वीसारखं होईल, आणि झोपली नाही तर कधीच होणार नाही. बारावीच्या निकालापेक्षा मला त्याची जास्त धास्ती होती. शेवटी आप्पांनी तोड काढली. जायचं गाडीनं, गाडी उभी करायची खोलीच्याच आवारात, आणि खोलीही घेऊन ठेवायची. तिथं गेल्यावर बघू.

आज माझा मुलगा आणि सून अशाच वादात पडलेले असतात. घरच्या ग्रुपवर रोज फोटो येतात. एकीकडं फिरतं घर, त्यात फ्रिज, एसी, छोटंसं न्हाणीघर. दुसरीकडं डोंगरातलं कॉटेज, पुढं निळं पाणी. सून लिहिते, आई तुमचं मत सांगा. मी फोटो मोठे करून बघते, आणि माझी नजर पहिल्यांदा दार कुठं आहे, ते आतून किती लवकर उघडेल, यावरच जाते. मग मी ‘तुम्हाला आवडेल ते’ असं लिहून मोकळी होते.

मेहबूबभाई देगलूरचे. बारीक अंगाचे, तोंडात सतत बडीशेप. आम्हा बहिणींना ‘बेटा’ म्हणायचे. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचेपर्यंत त्यांनी पमीला तेलुगूत वीसपर्यंत आकडे शिकवले. गाडीत कोऱ्या कापडाचा वास होता, खळीचा. आई बाकावर आडवी झाली आणि भर उन्हात, खड्ड्यांतून आदळत, गाढ झोपली. पुढच्या सीटवरून आप्पा मागं वळून तिच्याकडं बघत होते. “लई दिसांनी झोपली,” ते मेहबूबभाईंना म्हणाले. मला ते ऐकून आणखीच काळजी वाटली. चालत्या गाडीतच झोप लागणाऱ्या बाईचं पुढं काय होणार?

किनवटला खोली होती तशीच होती. राखणदार रामजी दार उघडून, झाडून वाट बघत बसला होता. आप्पांनी पेटी ओसरीवर नेऊन ठेवली. आत नेली नाही. तेव्हा ते मला जाणवलं नाही. जेवणं ओसरीच्या पायरीवर झाली. रामजीनं आत चटया टाकल्या होत्या. आप्पा म्हणाले, “हिला आत जमणार न्हाई, रामजी. आम्ही गाडीतच झोपतो.” रामजीनं मान डोलावली आणि आईकडं कीव येऊन पाहिलं. असे दिवस गेले. मी एकटीच दुपारी त्या खोलीत जाऊन लोळायची. लाकडाचा वास तोच होता, पण आता मला कौलं दिसायची. प्रत्येक कौल किती वजनाचं असेल, असं मनात यायचं.

एके दुपारी पमीला ताप भरला. आदल्या दिवशी ती नदीत डोक्यावर ऊन घेऊन खेळली होती. अंग भाजत होतं, आणि ती तेलुगू आकडे उलटसुलट बडबडत होती. गाडीच्या टाकीत डिझेल जेमतेम होतं, म्हणून मेहबूबभाई रामजीची सायकल घेऊन गावात गोळ्या आणायला गेले. आई गाडीत पमीच्या पायांना कांदा चोळत होती. हवा एकदम पडली. सागाचं एक पानही हलेना. मग लांबून, नदीच्या पलीकडून, गाडी यावी तसा आवाज आला. मला वाटलं पुन्हा जमीनच. मी आईकडं पाहिलं, पण ती खिडकीतून वर बघत होती.

“वारं हाय,” ती म्हणाली.

वारा आला आणि त्याच्यामागून गारा. पहिल्या गारा गाडीच्या पत्र्यावर दगडासारख्या आदळल्या. गाडी दोन्ही बाजूंनी हेलकावे खाऊ लागली. एक फांदी तुटून पुढच्या काचेवर आली, काच फुटली, आणि पाणी सरळ आत येऊ लागलं. आईनं पमीला गोधडीत गुंडाळलं, छातीशी धरलं आणि मला म्हणाली, “चल, खोलीत.” एवढंच. आम्ही पळालो. ओसरीवर चढताना तिनं क्षणभरही पाय अडखळू दिला नाही. आत गेली, पमीला खाटेवर ठेवलं, ओली गोधडी काढून टाकली, स्वतःच्या कोरड्या पदराच्या टोकानं तिचं डोकं पुसलं. वर कौलांवर असा आवाज होत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मला भिंतीला चिकटून उभं राहावंसं वाटत होतं आणि भिंतीला हात लावायची भीतीही वाटत होती. आई मात्र आमच्यामागोमाग आत आलेल्या रामजीला हातानं खुणा करत होती, ती खिडकी लाव, ते पातेलं गळतीखाली ठेव. तिचे हात कापत नव्हते. मी ते पाहिलं. इतके महिने मी तिला चोरून बघत आले होते, त्यामुळं तिचे हात मला नीट ठाऊक होते.

मग ती ओरडून म्हणाली, “आप्पा कुठायत?”

आप्पा बाहेर होते. ओसरीच्या खाली, पायरीशी, एका हातानं खांब धरून गारांत उभे होते. कपाळावरून रक्ताची बारीक रेघ आली होती. त्यांनी उजवा पाय पायरीवर ठेवला, वर कौलांकडं पाहिलं, आणि पाय मागं घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा मागं घेतला. त्यांचा चेहरा मी ओळखला नाही. लहान मुलाचा विहिरीत वाकून बघताना जसा होतो तसा तो झाला होता.

“साहेब, आत या की,” रामजी दारातून ओरडला. “लागंल.”

“गाडी बघतो,” आप्पा म्हणाले, पण ते गाडीकडं गेले नाहीत. त्यांना हलताच येत नव्हतं. रामजी त्यांचा दंड धरून आत ओढायला निघाला.

आई खाटेवरून उठली. ओल्या फडक्याची घडी माझ्या हातात दिली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “कपाळावर ठेव. काढू नको. घाबरू नको, छप्पर पक्कं हाय.” मग दाराशी जाऊन तिनं छातीवर हात ठेवला आणि रामजीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रामजी, मला आत थांबवत न्हाई. जीव घाबरा व्हायलाय माझा. साहेबांना म्हणा, मला गाडीत न्या.” आणि ती स्वतःच पायऱ्या उतरून गारांत गेली. तिनं आप्पांचा हात धरला. लांबून कुणालाही वाटलं असतं की तीच त्यांचा आधार घेते आहे. खिडकीच्या फटीतून मला दिसलं, ती दोघं फुटक्या काचेच्या गाडीत मागच्या बाकावर बसली, आणि आईनं गोधडी दोघांच्या डोक्यावरून घेतली.

रामजी दार लोटून घेत म्हणाला, “बाईसाहेब लई भित्र्या हायत. साहेबांची लई वढाताण व्हती.”

“हाव,” मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आभाळ मोकळं झालं. मेहबूबभाई चिखलातून सायकल ढकलत आले, गोळ्या त्यांनी टोपीत गुंडाळून कोरड्या ठेवल्या होत्या. पमीचा ताप उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओसरीवर स्टोव्ह लावून भाकरी करत होती, आप्पा आणि मेहबूबभाई काचेच्या जागी ताडपत्री बांधत होते. मी तिच्याजवळ बसून विचारलं, “आप्पा आत का नाही आले?”

तिनं भाकरी उलटवली. “तुला काय दिसलं?”

“सगळं.”

तिनं एकदा आप्पांकडं पाहिलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, “तिकडं गावांत त्यांनी काय बघितलं ते मला बी सांगितलं न्हाई. सगळी घरात गेली तवा तुम्ही पोरी झोपल्यावर आम्ही बी आत झोपून बघितलं दोन-चार दिस. हे रातभर दारात उभं राहायचे. पापणी लवायची न्हाई. मग मीच म्हणलं, मला भ्या वाटायलंय, बाहेर अंथरूण टाका. त्या दिवशी झोपले.”

“पण तू सगळ्यांना कशाला सांगतेस तुला भीती वाटते म्हणून?”

“ते म्हणतात घर ठीक हाय, म्हणून लोक आत जातात,” आई म्हणाली. “त्या मान्साला घरात झोप येत न्हाई हे कळलं, तर कोण जाईल? मी भ्याले तर कुणाचं काय अडतंय?” आणि तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली. “तू बोलू नको. त्यांच्यापाशी बी न्हाई.”

मी बोलले नाही. पण त्यानंतर माझी काळजी कमी झाली नाही, तिनं फक्त जागा बदलली. आता मी आप्पांना बघू लागले. ते जेवायला नेहमी दाराजवळ बसत. आंघोळ करताना न्हाणीचं दार पुरतं लावत नसत. पाहुण्यांकडं गेले की लगेच ‘बाहेर जरा गार आहे’ म्हणून खुर्ची अंगणात घेत. हे सगळं आधीपासून होतं आणि कुणालाच दिसलं नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष आईकडं होतं. आप्पांना आपल्याबद्दल किती कळत होतं, कुणास ठाऊक. ‘हिच्यासाठी’ म्हणून गादी बाहेर टाकताना त्यांना ते खरंच तिच्यासाठी वाटत असावं. इंदूकाकू काही बोलल्या की मला खरं सांगून टाकावंसं वाटायचं. मी ते गिळायची आणि आई हसायची.

अंगणातला पत्रा हळूहळू पक्का झाला. त्याला कुडाच्या भिंती आल्या, दिवा आला. माझं बी.एस्सी. संपत आलं तेव्हा नांदेडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा बँकेत होता. मुलाची आई, वडील आणि मामा मला बघायला आले. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, त्यावर शेव, बाजूला बेसनाचे लाडू. सगळं नीट चाललं होतं. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली, अंगणातल्या पत्र्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “राग मानू नका वहिनी, पण कानावर आलंय म्हणून विचारते. तुम्ही अजून घरात झोपत नाही म्हणे. डॉक्टरला दाखवलं का? उद्या मुलीत तसलं काही निघालं तर आम्हाला निस्तरावं लागेल.”

आईनं पदर सावरला. तिचं उत्तर तयार होतं, इतकी वर्षं ती तेच देत आली होती. “हाव,” ती म्हणाली, “मला जरा...”

“ती न्हाई,” आप्पा म्हणाले. ते नेहमीसारखे दाराजवळ बसले होते. “मी. मला घरात झोप येत नाही.”

मामा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. “तुम्ही तर इंजिनिअर माणूस, साहेब.”

“हाव. घर पक्कं आहे हे मला कळतंय. मी तपासलेली सगळी घरं पक्की आहेत, त्यात काही खोट नाही. तिकडून आल्यापासून जड छपराखाली मला झोप येत नाही, एवढंच. ही माझ्यासाठी बाहेर झोपती.” ते मुलाच्या आईकडं वळले. “मुलीला काही झालेलं नाही. तिच्या आईलाही कधी काही झालेलं नव्हतं.”

पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले, आणि काही कळवलं नाही. माझं लग्न पुढं दुसरीकडं झालं, बरं झालं.

पाहुण्यांची गाडी गल्लीतून वळेपर्यंत आई दारात उभी होती. मग आत आली आणि मी तिला पहिल्यांदा आप्पांवर चिडलेली पाहिलं. “कामून बोललात? मी सांगत होते की. पोरीचं ठरत आलेलं मोडलं.”

आप्पा बशा गोळा करत होते. हे काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. ते म्हणाले, “माझ्या वाटचं किती दिस भिशील तू?”

आईनं त्यांच्या हातातल्या बशा घेतल्या आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

त्या उन्हाळ्यात शिवराजकाका पुन्हा आले. गाडीला नवी काच केव्हाच बसली होती. त्यांनी सवयीनं आईकडं बघून विचारलं, “मग वहिनी, अवंदा काय? गाडी का खोली?”

आई म्हणाली, “मला काय विचारता? मला दोन्ही चालतंय. त्यांना विचारा.”

इंदूकाकू भिंतीपलीकडं कपडे वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले. आप्पांनी एकदा आईकडं पाहिलं, मग काकांकडं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गाडी.”